क्लचचा सिलिंडर पुन्हा पुन्हा का जातो? जुन्या ट्रकमधला खरा दोष शोधण्याची पद्धत

खालचा सिलिंडर गळायला लागला म्हणून बदलला. काही महिन्यांनी वरचा बसला, तोही बदलला. मग पुन्हा खालचा. इथवर आल्यावर बहुतेक जण सुट्या भागाला दोष देतात. माल हलका असतोही कधी कधी. पण एकाच गाडीत तोच भाग दुसऱ्यांदा गेला, तर माझा पहिला संशय त्या भागावर नसतो. मास्टर सिलिंडर (वरचा, पेडलशी जोडलेला) आणि स्लेव्ह सिलिंडर (खालचा, क्लच सोडवणारा) या साध्या वस्तू आहेत. एक नळी, एक पिस्टन, एकदोन रबरं, एक स्प्रिंग. तेल स्वच्छ आणि योग्य असेल, पिस्टन सरळ रेषेत आणि नेमून दिलेल्या अंतरातच फिरत असेल, तर तो वर्षानुवर्षं चालतो. लवकर गेला याचा अर्थ यातलं काहीतरी बिघडलेलं आहे. ते सापडेपर्यंत नवा सिलिंडर म्हणजे फक्त पुढची तारीख.

म्हणून खालची सगळी तपासणी एकाच प्रश्नाभोवती आहे: याला मारतंय कोण?

आधी काढलेले भाग बघा

मेकॅनिकने जुना सिलिंडर भंगारात टाकला असेल तर परत मागून घ्या. निम्मं उत्तर त्यात असतं. पिस्टन बाहेर काढा, पांढऱ्या कापडावर ठेवा आणि उजेडात नीट बघा.

रबर कप (पिस्टनवरचं, तेल अडवणारं वाटीसारखं रबर) फुगलेला, मऊ, बोटाने दाबला की चिकट लागणारा, नव्या कपाशेजारी ठेवला तर उघड मोठा दिसणारा असेल, तर यंत्रणेत खनिज तेल गेलंय. इंजिन ऑइल, पॉवर स्टीअरिंगचं तेल, डिझेल, साधं ग्रीस, यांपैकी काहीही. ब्रेक ऑइलवर चालणाऱ्या सिलिंडरांतलं रबर खनिज तेल सोसत नाही. हे तेल बाटलीतूनच आलं असेल असंही नाही. सिलिंडर उघडून डिझेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये धुण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि जोडताना पिस्टनला हाताशी असलेलं चाकाचं ग्रीस लावण्याचीही. दोन्ही गोष्टी नव्या किटचा, म्हणजे बदलायच्या रबरांच्या संचाचा, जीव घेतात. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट, आणि लावायला स्वच्छ ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचं खास ग्रीस, एवढंच चालतं.

कपाची कड एकाच बाजूने झिजलेली असेल आणि बोअरवरही (सिलिंडरच्या आतल्या गोल भिंतीवर) त्याच बाजूला चकचकीत पट्टा असेल, तर पिस्टनवर तिरका जोर येतोय. वरच्या सिलिंडरमध्ये याचं कारण पेडलच्या पिनेचे झिजलेले बुश किंवा वाकडा पुश रॉड (पिस्टनला ढकलणारी दांडी). खालच्यात फोर्क (सिलिंडरचा जोर क्लचपर्यंत नेणारा दांडा) वाकलेला, किंवा त्याचा टेकू झिजलेला.

कपावर उभे ओरखडे आणि बोअरमध्ये तपकिरी खड्डे दिसले तर पाणी आणि गंज. अशा बोअरमध्ये नुसतं किट घालणं म्हणजे काम वाया घालवणं. नख बोअरवरून हळू फिरवा. खड्ड्यात नख अडकलं तर तो सिलिंडर गेला. बिडाच्या बोअरवर अगदी वरवरचा डाग असेल तर हलका होन मारता येतो, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करता येतं. ॲल्युमिनियमच्या बोअरवर होन मारू नये, कारण त्याचा कठीण थर निघून जातो आणि पुढची झीज झपाट्याने होते. जुन्या मॉडेलचा सिलिंडर मिळतच नसेल तर पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (बोअरच्या आत बसणारी नळी) बसवून घेणं हा चांगला मार्ग आहे.

काळा गाळ निघाला, तर तो कुठल्यातरी रबराचा भुगा आहे. सिलिंडरचे कप शाबूत असतील तर तो भुगा होज पाइपाच्या (लवचिक रबरी नळीच्या) आतून येतोय. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पेडल काय सांगतं

पायाला काय जाणवतं ते नेमक्या शब्दांत लिहून काढा. "क्लच बसतो" एवढ्याने काही कळत नाही.

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातं आणि बाहेर कुठेच थेंब नाही: वरच्या सिलिंडरमध्ये तेल कपाच्या मागे सटकतंय. पेडल लिबलिबीत आहे आणि दोनतीनदा मारलं की घट्ट होतं: हवा आहे, किंवा खालचा पिस्टन दर वेळी गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जातोय. सकाळी ठीक, दुपारी चढावर लोड घेऊन गेल्यावर बसतं, थंड झाल्यावर परत येतं: उष्णता आणि तेलातलं पाणी. पेडल खाली जातं आणि तिथेच राहतं: एकतर दाबच बनत नाही, किंवा परतीचा मार्ग अडलाय. पेडल अगदी घट्ट आहे, पूर्ण चाल देतं, आणि तरीही गिअर कर्रकन वाजतो: बहुतेक वेळा दोष हायड्रॉलिकमध्ये नाहीच.

क्लच सुटतोय की नाही हे बघण्याची साधी रीत अशी. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, समोर आणि मागे कुणी उभं नाही याची खात्री करा. इंजिन आयडलवर, गिअर न्यूट्रलमध्ये. पेडल पूर्ण दाबा, दहापर्यंत मोजा आणि रिव्हर्स टाका. न वाजता पडला तर क्लच सुटतोय. आता गिअर परत न्यूट्रलमध्ये घ्या, पेडल मात्र तसंच आणखी एक मिनिट दाबून ठेवा आणि रिव्हर्स पुन्हा टाका. पहिल्यांदा गपचूप पडला आणि आता वाजला, तर दाब धरून राहत नाही. दोन्ही वेळा सारखाच वाजला, तर चाल कमी पडतेय किंवा क्लच हाउसिंगच्या आत काही अडलंय.

तेल आणि टाकी

टाकीच्या झाकणावर कुठलं तेल लिहिलंय ते वाचा. बहुतेक जुन्या ट्रकांत डॉट ३ किंवा डॉट ४ असतं, आणि ही दोन्ही एकाच ग्लायकॉल कुळातली आहेत. डॉट ५.१ देखील त्याच कुळातलं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळू नये. काही गाड्यांच्या क्लचला खनिज तेलच लागतं आणि त्यांची रबरं वेगळी असतात, तिथे ब्रेक ऑइल घातलं तर उलटं नुकसान. नव्याने घेतलेल्या जुन्या गाडीत टाकीत काय आहे हे आधीच्या मालकाच्या शब्दावर सोडू नका. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, टाकीतलं थोडं तेल ड्रॉपरने काढून त्यात सोडा, ढवळा. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. वर तवंग राहिला तर त्यात खनिज तेल किंवा सिलिकॉन आहे.

ग्लायकॉलचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ३ कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे. पाणी शिरलेल्या अवस्थेत ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. खालचा सिलिंडर इंजिन आणि एक्झॉस्टच्या जवळ बसलेला असतो, आणि क्लचच्या लाइनमध्ये तेल फिरत नाही, जागच्या जागी पुढे-मागे होतं. त्यामुळे वर टाकीत तेल पिवळं स्वच्छ दिसत असताना खालच्या सिलिंडरमध्ये काळपट चहासारखं, पाणी मुरलेलं तेल असू शकतं. टाकीत बघून तेल चांगलं आहे असं ठरवू नका, खालच्या निपलमधून (सिलिंडरवरच्या हवा काढायच्या तोंडातून) थोडं काढून बघा.

काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. तिथे क्लचची नळी टाकीच्या वरच्या भागातून निघते, म्हणजे तेल कमी झालं तर आधी क्लच जावा आणि ब्रेक शाबूत राहावेत. अशा गाडीत क्लच वारंवार हवा धरत असेल तर गळती ब्रेकच्या बाजूलाही शोधा. चाकाचा सिलिंडर गळतोय आणि आपण क्लचमध्ये डोकं घालून बसलोय, असं होतं. मग हा प्रश्न क्लचचा न राहता ब्रेकचा होतो, आणि गाडी तिथेच उभी करायची.

गळती शोधताना

खालच्या सिलिंडरचं धूळरबर उचलून आत बोट घाला. कोरडं असायला हवं. किंचित ओल चालते असं काही जण म्हणतात. मी ती चालवून घेत नाही. वर केबिनमध्ये पुश रॉड जिथे भिंतीतून बाहेर येतो तिथे हात फिरवा. पायाखालची चटई ओली, पत्र्याचा रंग फुगलेला, सुटलेला असेल तर वरच्या सिलिंडरचं मागचं रबर गेलंय. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे निघालेला रंग हा गळतीचा चांगला पुरावा असतो. ते डोळ्यात किंवा हाताला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब येत असेल तर तो कशाचा हे ओळखा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइल काळं आणि बुळबुळीत, ब्रेक ऑइल पातळ आणि पाण्याने चटकन धुतलं जाणारं. ज्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती, हाउसिंगच्या आतच बसवलेला असतो, तिथे हा थेंब म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलंच.

बाहेर गळत नाही तरी हवा शिरते, हेही खरं आहे. पेडल झटकन सुटलं की लाइनमध्ये क्षणभर खेच तयार होते. कपाची कड दाबाखाली तेल अडवते, पण खेच आली की सैल कड हवा आत घेते. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर पुन्हा वापरलेले असतील तर तिथूनही. ते दर वेळी नवेच घाला.

वर की खाली, आधी वेगळं करा

अंदाजाने भाग बदलण्याऐवजी लाइन तोडून बघा. मास्टर सिलिंडरमधून निघणारा पाइप सोडा आणि त्या तोंडात त्याच आट्यांचा बंद प्लग घट्ट बसवा. सिलिंडरमधली हवा काढून मग पेडल दाबा. रिकामी चाल संपली की पेडल दगडासारखं थांबायला हवं. जोर देऊन एक मिनिट धरा. हळूहळू खाली गेलं तर मास्टर खराब. तिथेच थांबलं तर मास्टर चांगला आहे, नाहक बदलू नका. पेडल घट्ट आहे पण भिंतीचा पत्राच आत-बाहेर होताना दिसतो, असंही निघतं. जुन्या केबिनमध्ये सिलिंडरच्या बोल्टांभोवती पत्र्याला तडे जातात. मदतनीसाला पेडल मारायला सांगून इंजिनच्या बाजूने सिलिंडरकडे बघत राहा. सिलिंडर हलत असेल तर पत्र्याला मागून जाड पट्टी देऊन मजबुती करावी लागेल. नुसता सिलिंडर बदलून हा दोष जाणार नाही.

मास्टर चांगला निघाला की पाइप परत जोडा, हवा काढा आणि होज पाइप बघा. मदतनीस पेडल दाबतो तेव्हा होज मुठीत धरा. फुगलेला जाणवला तर तो तेवढं तेल खातोय. चिमट्याने होज आवळून तपासणी करण्याची पद्धत आहे, पण जुना होज आवळला तर आतला थर तुटतो. आवळायचाच असेल तर तो बदलायचा ठरवूनच आवळा.

होजचा दुसरा आजार जास्त फसवा आहे. बाहेरून तो चांगला दिसतो, आतला थर मात्र सुटून पापुद्रा लोंबतो आणि एकमार्गी झडपेचं काम करतो. पायाचा जोर तेल पुढे ढकलतो, पण परतीचं तेल अडतं. क्लच अर्धवट दाबलेला राहतो, प्लेट स्लिप होते, रिलीज बेअरिंग (फोर्क ज्याने क्लच दाबतो ते) सतत फिरत राहतं, खालच्या सिलिंडरवर सतत दाब राहतो. हे पकडण्यासाठी पेडल सोडल्यावर आधी होजच्या वरचं युनियन (पाइपाचा जोड) अर्धा फेरा ढिलं करा. तिथे दाब सुटला आणि फोर्क मागे आला, तर अडथळा वर, मास्टरमध्ये आहे. काहीच झालं नाही, आणि मग खालचं निपल उघडताच तेलाची चिळकांडी उडाली, तर अडथळा होजमध्ये. काळ्या भुग्याची गोष्ट वर केली होती ती इथे जुळते.

मास्टरमध्ये अडथळा असण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पुश रॉडला मोकळीक नसणं. पेडल सुटल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच टाकीतून सिलिंडरमध्ये तेल उतरायचं बारीक छिद्र उघडतं. रॉड लांब ठेवला असेल, पेडलचा थांबा चुकीच्या जागी असेल, किंवा कशाला तरी अडून पेडल पूर्ण वर येत नसेल, तर छिद्र झाकलेलंच राहतं. तेल गरम होऊन फुगतं आणि त्याला परत जायला वाट नसते. रॉडच्या टोकाशी साधारण १ मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

चाल मोजा, हिशेब करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि वारंवार येणाऱ्या दोषाचा उलगडा बरेचदा इथेच होतो. लागते ती फक्त पट्टी आणि व्हर्नियर कॅलिपर.

समजा मास्टरचा बोअर (इथे आतला व्यास) १९ मिलिमीटर आहे आणि पुश रॉड ३० मिलिमीटर आत जातो. त्याने साडेआठ मिलिलिटर तेल पुढे जातं. खालचा बोअर २२ मिलिमीटर असेल तर त्याचा रॉड साधारण २२ मिलिमीटर बाहेर यायला हवा. आता कुणी २२ ऐवजी २४ चा सिलिंडर बसवला. दिसायला तोच, बोल्टही जुळतात. पण चाल १९ मिलिमीटरच्याही खाली येते. पेडल हलकं लागतं म्हणून ड्रायव्हर खूश, पण क्लच पूर्ण सुटत नाही. मग मेकॅनिक रॉड लांब करतो, मोकळीक संपते आणि वर सांगितलेलं चक्र सुरू होतं. सिलिंडर बदलला असेल तर अंगावर ओतलेला किंवा कोरलेला बोअरचा आकडा बघा, नसेल तर मोजा.

हवेचा हिशेबही करून बघा. लाइनमध्ये १ मिलिलिटर हवा राहिली, तर दाबाखाली ती जवळजवळ पूर्ण दबते आणि २२ च्या सिलिंडरची अडीच मिलिमीटरांहून जास्त चाल खाते. पेडलच्या बुशचा खेळ तळव्याशी १२ मिलिमीटर असेल आणि पेडलचं गुणोत्तर ६ ला १ असेल, तर मास्टरपाशी २ मिलिमीटर आणि खाली दीड मिलिमीटर गेले. पिनेचं भोक लांबट झालंय, तिथे आणखी एक. असे तीनचार छोटे तोटे एकत्र आले की प्रत्येक भाग वेगवेगळा "चालतो" म्हणून पास होतो आणि क्लच तरीही सुटत नाही. जुन्या ट्रकची हीच खरी अडचण आहे.

खालचा रॉड मॅन्युअलमध्ये दिलेली पूर्ण चाल देत असेल आणि गिअर तरीही वाजत असेल, तर हायड्रॉलिकला हात लावू नका. दोष आत आहे: क्लच प्लेट शाफ्टच्या खाचांवर अडकते, पायलट बेअरिंग (शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) जाम झालंय, प्लेट वाकली आहे, किंवा प्रेशर प्लेटची (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाची) बोटं एका पातळीत नाहीत.

नवी प्लेट टाकली आणि सिलिंडर गेला

ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिच्यावर थोडं थांबतो. ज्या गाड्यांत फोर्कला बाहेरून स्प्रिंग नसतो, खेळ सेट करावा लागत नाही आणि खालच्या सिलिंडरमध्येच स्प्रिंग असतो, त्यांत बेअरिंग कायम प्रेशर प्लेटला हलकं टेकून असतं. प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं गिअरबॉक्सकडे सरकतात, बेअरिंग मागे येतं, आणि खालचा पिस्टन सिलिंडरमध्ये आत आत ढकलला जातो. टाकीतलं तेल त्यामुळे काही न घालता थोडं वाढलेलं दिसतं. वर्षानुवर्षं पिस्टन बोअरच्या आतल्या पट्ट्यातच फिरतो. बाहेरच्या तोंडाकडचा भाग रिकामा पडतो, आणि धूळरबर फाटलेलं असेल तर तिथे पाणी, चिखल, गंज बसतो.

मग नवी जाड प्लेट येते. बोटं फ्लायव्हीलकडे जातात, पिस्टन एकदम बाहेर येतो, आणि जुना कप त्या गंजलेल्या भागावरून रोज शेकडो वेळा घासायला लागतो. थोड्याच दिवसांत गळती. दोष नव्या प्लेटचा नाही, बसवणाऱ्याचाही नाही. प्लेट बदलताना खालचा सिलिंडर उघडून बाहेरचा पट्टा बघितला नाही, एवढंच. गंज असेल तर त्याच वेळी सिलिंडर बदला.

याच्या उलट प्रकारही बघा. फोर्कचा गोल टेकू झिजला, फोर्क वाकला, फ्लायव्हील जास्त घासून पातळ केलं, किंवा छोटा रॉड बसवला, तर पिस्टन नेहमीच गरजेपेक्षा बाहेर चालतो आणि पूर्ण दाबल्यावर तोंडाशी येतो. धूळरबर काढून मदतनीसाला पेडल हळू दाबायला सांगा. पिस्टन तोंडाच्या अगदी जवळ आला, तर तिथेच थांबवा. असा सिलिंडर कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी टिकणार नाही. आधी फोर्क आणि टेकू दुरुस्त करा.

आणि स्प्रिंगची अदलाबदल. खेळ सेट करायची सोय असलेल्या जुन्या मांडणीत फोर्कला बाहेरचा परतीचा स्प्रिंग हवाच, आणि फोर्कच्या टोकाशी मॅन्युअलमध्ये दिलेला मोकळा खेळही. स्वतः जुळवून घेणाऱ्या मांडणीत तो स्प्रिंग लावला तर पिस्टन दर वेळी पार मागे जातो, अर्धी चाल तो परत आणण्यात जाते. लोक हवा काढत बसतात आणि हवा नसतेच. तुमची गाडी कुठल्या प्रकारची हे सिलिंडर मागवण्याआधी ठरवा.

बाकी जागा

एक्झॉस्ट पाइप आणि होज यांच्यातलं अंतर बघा. उष्णता अडवणारा पत्रा मूळ गाडीला होता आणि कधीतरी काढून फेकला, असं अनेकदा आढळतं. तो परत बसवा.

क्रँकशाफ्टचा पुढे-मागे होणारा खेळ डायल गेजने मोजा. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो. हा खेळ रोखणारे थ्रस्ट वॉशर झिजले असतील तर ती चाल वाया जाते. हा खेळ मिलिमीटरच्या दशांशांत असायला हवा. डोळ्याने पुली हलताना स्पष्ट दिसली तर प्रश्न क्लचपेक्षा मोठा आहे.

हाउसिंगच्या आतला सिलिंडर असेल तर बसवताना गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लटकू देऊ नका, नाहीतर सिलिंडर तिरका होतो. गिअरबॉक्स पूर्ण बसेपर्यंत पेडलला पाय लावू नका, पिस्टन निघून येतो. आणि गिअरबॉक्स एवीतेवी उतरलाच आहे तर तो सिलिंडर जुना परत घालू नका.

मोठ्या ट्रकांत हवेच्या मदतीचा क्लच सर्व्हो असतो. त्याच्या हवा सुटायच्या तोंडातून ब्रेक ऑइल येत असेल तर आतलं सील गेलंय. पण तिथून पाणी किंवा काळं कंप्रेसर ऑइल येत असेल तर मारेकरी एअर ड्रायर किंवा कंप्रेसर आहे. टाकीचे निचरा कॉक उघडून बघा. पाणी आणि तेल निघत असेल तर ते बंद केल्याशिवाय नवा सर्व्हो बसवू नका. पेडल अचानक जड झालं तर आधी हवेचा दाब बघा.

जोडताना

खनिज तेलाचा पुरावा मिळाला असेल तर क्लचच्या लाइनमधलं सगळं रबर बदलायचं: दोन्ही सिलिंडरची किट किंवा दोन्ही सिलिंडर, होज, टाकीच्या झाकणाचं रबर. टाकी ब्रेकबरोबर एकच असेल तर ब्रेकची रबरंही त्याच संशयात. लोखंडी पाइप स्पिरिटने धुऊन दाबाच्या कोरड्या हवेने सुकवा. एक जुना कप शिल्लक राहिला तर त्यातून झिरपणारं तेल नव्यांना पुन्हा फुगवतं.

मास्टर गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच भरून घ्या. शिकंज्यात आडवा धरा, तोंडाला नळी लावून ती टाकीतल्या तेलात बुडवा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळू ढकला. गाडीवर चढवल्यावर खालचं निपल सिलिंडरच्या सर्वांत उंच जागी येतंय का ते बघा. येत नसेल तर हवा काढताना सिलिंडर बोल्टवरून सोडून निपल वर करून धरा, पिस्टन मात्र आत दाबून बांधलेला हवा. पाइपाला मधेच उंच वळण असेल तर तिथे अडकलेली हवा पेडल मारून सुटत नाही. अशा वेळी खालच्या निपलमधून पिचकारीने स्वच्छ तेल हळूहळू वर ढकला. हवेला वर जायचंच असतं, तिला त्याच दिशेने जाऊ द्या. टाकी भरून सांडणार नाही यावर एकाने नजर ठेवावी.

पेडल मारून हवा काढत असाल तर पेडल हळू दाबा, निपल उघडा, बंद करा, मगच सोडा. जोरजोरात पंप केल्याने मोठा बुडबुडा फुटून बारीक फेस होतो आणि काम लांबतं. निघालेलं तेल पुन्हा टाकीत घालू नका, उघडी राहिलेली बाटलीही नको.

शेवटी खालच्या रॉडची चाल पुन्हा मोजा आणि आकडा तारखेसह गाडीच्या वहीत लिहा. टाकीवर तेलाच्या पातळीची खूण करा. पहिल्या दिवशी गाडी गरम झाल्यावर एकदा, आणि मग साधारण ५०० किलोमीटरवर पुन्हा मोजा, धूळरबराखाली बोट घालून बघा. चाल तीच आणि पातळी तीच असेल तर वर्षाच्या आत उघडायचं कारण नाही. तेल मात्र दोन वर्षांनी बदला, आणि बदलताना ते खालच्या निपलमधून स्वच्छ येईपर्यंत काढा. चाल दोन मिलिमीटरनेही कमी झाली असेल, तर पेडल अजून चांगलं लागत असलं तरी थांबू नका, मास्टरला प्लग लावण्यापासून परत सुरुवात करा.